कागदावर आखूड झालेला हात

मी एक जुनी त्रिकोणी स्केलपट्टी आहे. जुनी म्हटलं म्हणून लगेच 'अरेरे' करू नका. माझ्या सहाही कडा अजून शाबूत आहेत. एका टोकाला दातांच्या खुणा आहेत, तेवढ्या सोडा. त्या आमच्या मालकांच्या, पाक तंत्रांच्या. पाक म्हणजे श्रीयुत. शिकत असताना परीक्षेत काही सुचेना, तेव्हा त्यांनी मला चावलं.

मित्रांनो, माझा स्वभाव मुळातच उतावळा. समोर रेघ दिसली की ती मोजून होईपर्यंत मला चैन पडत नाही. आणि न मोजलेली रेघ कुणी तशीच पुढे पाठवली, तर जिवाची नुसती तगमग होते. मला हात नाहीत, पाय नाहीत, तोंड नाही. पडून राहायचं आणि बघायचं. जळलं मेलं ते जिणं! पण गोष्ट सांगायची तर सुरुवातीपासून सांगायला हवी.

माझा जन्म इंडोनेशियातल्या सुराबाया शहरात, एका कारखान्यात झाला. लाकडाची तीन धारांची काठी, प्रत्येक धारेला दोन कडा, वर पांढरा मुलामा आणि मुलाम्यावर कोरलेल्या बारीक काळ्या रेघा. माझ्या प्रत्येक कडेचं प्रमाण वेगळं. एका कडेवर जगातला एक मीटर दोन सेंटिमीटरचा होतो. ती माझी एकास पन्नासची कड. दुसरीवर तोच मीटर एका सेंटिमीटरचा होतो. ती एकास शंभरची. घर कितीही मोठं असलं तरी ते कागदावर मावावं आणि मावताना खोटं होऊ नये, एवढ्यासाठी मला जन्माला घातलं गेलं.

पाक तंत्रांनी मला विकत घेतलं आणि शिक्षण संपल्यावर आपल्याबरोबर बालीला आणलं. ग्यान्यार गावात त्यांनी घरांचे नकाशे काढायचं छोटं ऑफिस थाटलं. तेव्हाचे माझे दिवस काय सांगू! सकाळी सगळ्यांत आधी मला पुसायचे. दिवसभर मी तिरप्या फळ्यावर इकडून तिकडे, तिकडून इकडे. नवीन माणूस कामाला लागला की पाक तंत्र त्याला सांगायचे, "आधी पट्टीला विचार. ती काही बोलली नाही तर मग मला विचार." हे ऐकलं की माझं लाकूड सुखावायचं.

मग कॉम्प्युटर आला. त्यात कॅड आलं, नकाशे काढायचा प्रोग्राम. तिरपा फळा मागच्या पडवीत गेला आणि त्यावर कोंबड्या बसायला लागल्या.

मी काही नव्या गोष्टींवर जळणारी नाही. कॅडची रीत मला पटली होती. पडद्यावर घर खऱ्या मापाचंच काढतात. बारा मीटरची भिंत तिथे बारा मीटरचीच असते. मग कागदाचं पान घ्यायचं, त्याला एक खिडकी पाडायची आणि त्या खिडकीतून घर बघायचं. खिडकीने किती लांबून बघायचं ते ठरवलं की झालं प्रमाण. किती सोपं! पण एक गोष्ट मला पहिल्या दिवसापासून डाचत होती. छापायच्या वेळी तिथे एक पर्याय येतो, 'कागदात बसव'. तो निवडला की नकाशा मुकाट्याने आक्रसतो आणि असेल त्या कागदात बसतो. कोपऱ्यात लिहिलेलं 'प्रमाण एकास पन्नास' मात्र तसंच राहतं. अक्षरं थोडी बारीक झाली तरी वाचता येतात ना! म्हणजे मोठं माणूस बसल्या जागी छोटं झालं आणि गळ्यातली पाटी म्हणते, मी तोच.

हे मी ओरडून सांगितलं असतं. पण माझ्याकडे बघायला कुणाला सवड होती? माझ्यावर खिडकीची झडप उघडी धरायचं काम आलं. वारा नसेल तेव्हा माझ्याने पाठ खाजवायचे. आमच्याकडे लोखंडाच्या हत्यारांची पूजा असते, तुंपेक लांदेप म्हणतात त्या दिवसाला. पूर्वी सुऱ्यांना आणि करवतींना फुलं वाहायचे. आता स्कूटरला वाहतात, मोटारीला वाहतात आणि कॉम्प्युटरलाही वाहतात. नारळाच्या पानांच्या द्रोणात ताजी फुलं, उदबत्ती, थोडा भात, सगळा थाट. मी लाकडाची, म्हणून मला काही नाही. मी झडपीखालून बघत राहायची.

आमच्या ऑफिसात नकाशे काढायला लुह अर्निती आहे. तिशीची, चपळ हाताची आणि मनाने फार चांगली. पाठ तीच खाजवते, पण खाजवून झाल्यावर मला पुसते तरी.

तिच्याकडे एक दिवस तीन माणसं आली. पुढे होते पेकाक सद्रा. पेकाक म्हणजे आजोबा. एवढा उंच म्हातारा मी बालीत पाहिला नव्हता. आमच्या ऑफिसचं दार चांगलं उंच आहे, तरी ते कमरेत वाकून आत आले. मागून त्यांची बायको, दादोंग रसमी. दादोंग म्हणजे आजी. तिसरे नेंगाह रेगेग. ते उंदागी, म्हणजे जुन्या रीतीने घरं बांधणारे मुख्य सुतार.

"एवढं वाकायला काय झालं, पेकाक? दार उंच आहे की," अर्निती म्हणाली.

"त्यांना सांगून उपयोग नाही," दादोंग म्हणाल्या. "उघड्या शेतातही वाकून चालतात. बघणाऱ्याला वाटतं काहीतरी पडलंय, ते शोधतायत."

"तुझी अक्कल पडली होती लग्नात, ती शोधतोय," पेकाक म्हणाले.

हसून झाल्यावर खरी गोष्ट कळली. बालीत घर बांधतात ते मीटरने नाही, मालकाच्या अंगाने. अंगणातलं अंतर त्याच्या पावलांनी, लांबी-रुंदी त्याच्या हाताने, खांब त्याच्या बोटांच्या मापाने. पेकाकांचं घर त्यांच्या वडिलांच्या मापाचं होतं. आणि वडील होते बुटके. मुलगा मात्र माडासारखा वाढला. घरातली मोठी बाले, म्हणजे जोत्यावरचा उघडा मंडप, तिची तुळई नेमकी पेकाकांच्या कपाळाला लागायची. जेवायला चढताना टेंगूळ, पूजेला चढताना टेंगूळ. लग्नाच्या दिवशीसुद्धा कपाळावर टेंगूळ होतं, असं दादोंग शपथेवर सांगत होत्या.

आता त्या बालेला वाळवी लागली होती. ती उतरवून नवी बांधायची होती, आणि ती पेकाकांच्या स्वतःच्या मापाची.

"म्हातारपणी कशाला, असं मुलगा जहाजावरून फोनवर विचारतो," पेकाक म्हणाले. एकुलता एक मुलगा प्रवासी जहाजावर स्वयंपाकी होता. "अरे, मेल्यावर मला त्याच बालेवर निजवणार ना? बापाच्या बालेत माझे पाय बाहेर लोंबतील. आणि त्याआधी एकदा, एकदाच तरी, मला आपल्या घरात ताठ उभं राहून बघायचंय."

हे बोलताना त्यांचा हात आपोआप कपाळावर गेला. मला तेव्हाच त्यांचा लळा लागला.

रेगेगनी पांढऱ्या कापडातून बांबूची एक काठी काढली. तिला गेगुलाक म्हणतात. तिच्यावर पेकाकांचा कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंतचा हात, मूठ, वीत, बोट, सगळ्याच्या खाचा होत्या. आणि प्रत्येक मापाच्या पुढे आणखी थोडंसं. आमच्याकडे नुसतं माप मेलेलं मानतात. वर चिमूटभर ठेवलं की ते जिवंत होतं. त्या वरच्याला म्हणतात मापाचा जीव.

"ही काठी मंत्रलेली आहे," रेगेग म्हणाले. "ती पेकाकांच्या देवघरात राहणार आणि बाले उभी राहिली की वाशांत जाणार. माझा कारखाना पडला दरीपलीकडच्या गावात. तिथल्या भुशात ही कशी नेऊ? मला कामाला दुसरी हवी."

"मग मी नकाशाच्या कडेला हीच काठी जशीच्या तशी काढून देते ना, ब्ली," अर्निती म्हणाली. ब्ली म्हणजे दादा. "खऱ्या लांबीची. तुम्ही त्यावर बांबू ठेवा आणि खुणा करून घ्या."

"हे ब्येस झालं. बांबू वाळला की वाकतो. कागद काही वाकत नाही."

मित्रांनो, त्या वेळी मलाही ते ब्येसच वाटलं होतं.

अर्नितीने काम फार निगुतीने केलं. अंगणाच्या भिंती, जोतं, सहा खांब, सगळं एकास पन्नासच्या खिडकीत बसवलं आणि पानाच्या कडेला पेकाकांचा हात काढला, खऱ्या लांबीचा. पडद्यावर तिने तो पुन्हा पुन्हा तपासला. चूक कुठेच नव्हती. फक्त पान तिने जुनंच घेतलं होतं. एका परदेशी माणसाच्या बंगल्यासाठी बनवलेलं, त्यांच्याकडच्या मापाचं पान. आपल्याकडच्या मोठ्या कागदापेक्षा ते लांबीला चार बोटं जास्त होतं.

दुसऱ्या दिवशी छपाईवाल्याचा फोन आला. मी झडपीखाली होते, आवाज ऐकू येत होता.

"म्बोक अर्निती, तुमचं पान मोठं आहे. आमच्याकडचा कागद छोटा. बसवून देऊ का?"

म्बोक म्हणजे ताई. अर्नितीच्या एका हातात देवळासाठी विणायची नारळाची पानं होती. लाकूड कापायचा दिवस पुरोहितांनी ठरवून दिला होता आणि तो जवळ आला होता. "द्या बसवून," ती म्हणाली. "पण लवकर द्या हं."

अगं बाई! मी झडपीखाली थरथरले. झडप धाडकन आपटली. "वारा सुटला वाटतं," असं म्हणून अर्निती पाणी प्यायली.

संध्याकाळी कागद आला. सुरेख, स्वच्छ, ठळक रेघांचा. स्कूटरवर चुरगळू नये म्हणून अर्नितीने तो कशाभोवती गुंडाळला असेल? माझ्याभोवती. रेगेगांच्या कारखान्यापर्यंतची वाट सगळी वळणांची. त्या कागदात लपेटलेली मी वाटभर त्याच्या रेघा अंगाशी धरून होते. माझी एकास पन्नासची कड नकाशातल्या अंगणाच्या भिंतीला लागली. लिहिलेलं होतं बारा मीटर, आणि माझ्यावर भरत होते अकरा. मी पुन्हा मोजलं. स्कूटर वळली, कागद सरकला, मी परत मोजलं. अकराच! मग तो हात. तो कुणाच्या तरी हातासारखाच दिसत होता. एखाद्या मध्यम माणसाचा, चांगला सरळ हात. पण तो सद्रांचा नव्हता.

निम्मा झाला असता तर पोरांनीही ओळखलं असतं. मोठं खोटं लगेच पकडलं जातं. हे खोटं छोटं होतं, म्हणून माझा जीव जास्त खालीवर होत होता.

कारखान्यात रेगेगनी कागद फणसाच्या एका ओंडक्यावर पसरला. तीन कोपऱ्यांवर दगड ठेवले आणि चौथ्यावर मला. मग माझ्या शेजारीच त्यांनी कोरा बांबू ठेवून कागदावरच्या हाताबरहुकूम चाकूने खाचा पाडल्या. नवी काठी तयार झाली. अर्निती म्हणाली, "पट्टी राहू दे इथेच, कागद उडेल. उद्या मी येतेच आहे, तेव्हा नेईन." आणि ती गेली. मी त्या खोट्या कागदावर वजन म्हणून बसून राहिले. नाइलाजाने का होईना, मीच त्याला धरून ठेवत होते. याहून वाईट काय असतं, सांगा.

सकाळी सगळे जमले. पेकाक सोन्यासारखे नटून आले होते, डोक्याला पांढरा फेटा, कानात फूल. लाकूड त्यांच्याच परसातल्या फणसाचं होतं. ते झाड त्यांनी लग्नानंतर लावलं होतं. त्यातून सहा खांब निघणार होते, सातवा निघणं शक्य नव्हतं. पूजा झाली. रेगेगनी नवी काठी मोजत मोजत पहिल्या लाकडावर फिरवली, वरचा जीव धरला, खूण केली आणि करवत लावली. लाकडाचा टोकाचा तुकडा खाली पडला. माझ्यात रक्त असतं तर ते तिथेच आटलं असतं.

मग कॉफी आली. पेकाकांनी गंमत म्हणून नवी काठी उचलली आणि कोपर टेकवून तिच्यावर आपला हात ठेवला. बोटं खाचेच्या पुढे गेली. चांगली दोन बोटांच्या रुंदीइतकी पुढे.

"अरे, हे काय?" ते म्हणाले.

"आता तरी वाढायचं थांबा!" दादोंग म्हणाल्या. "तुमच्या मागे धावत किती घरं बांधायची?"

सगळे खो खो हसले. पेकाकही हसले. पण त्यांनी कोपर पुन्हा टेकवलं, यावेळी नीट, आणि हात पुन्हा पुढे गेला. मग ते हसले नाहीत.

रेगेग दुसरं लाकूड पुढे ओढत होते. "रेगेग, जरा थांब," पेकाक म्हणाले. "हा हात माझा वाटत नाही."

"म्हातारपणी कोपर सैल पडतं, पेकाक. हात सरकला असेल."

"कोपर माझं आहे. मला माहीत आहे ते कुठे आहे."

"मग माझी काठी खोटी का?" रेगेगांचा आवाज चढला. "कागदावर ठेवून केसाइतकाही फरक न करता खाचा पाडल्यात. विचारा या मुलीला."

"कागद खोटा कसा असेल?" अर्निती घाईघाईने म्हणाली. "पेकाक, पडद्यावर मी स्वतः किती वेळा मोजलंय."

दोघंही खरं बोलत होते. पडदा खरा होता. रेगेगांच्या खाचाही कागदाबरहुकूम होत्या. मधल्या एका पायरीवर खोटेपणा चढून बसला होता आणि त्याच्याकडे कुणी बघत नव्हतं. मी तिथेच होते, त्यांच्या हातभर अंतरावर. मला उचला, मी ओरडत होते. अरे, मला उचला! ओरडणं माझ्या माझ्यातच राहत होतं.

पुरोहित म्हणाले, "मुहूर्त सरतोय." रेगेग करवत हातात घेऊन उभे होते, पण ओढत नव्हते. पेकाकांनी सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं. मग काठी हलकेच खाली ठेवली.

"जाऊ दे," ते म्हणाले. "काप बाबा. एवढी माणसं म्हणतात तर मीच चुकत असेन. आयुष्यभर वाकलोय, आणखी थोडं वाकेन."

दादोंगच्या तोंडातून एरवी चटकन काही तरी निघालं असतं. त्यांनी नुसता पेकाकांच्या खांद्यावरचा भुसा झटकला.

ते झटकणं अर्नितीने पाहिलं, आणि तिला राहवलं नाही. "ब्ली, एक क्षण," ती म्हणाली. "नुसतं माझ्या मनाच्या समाधानासाठी." तिने वाकून मला उचललं.

मित्रांनो, किती वर्षांनी! तिने मला पुसलं, फिरवून एकास पन्नासची कड शोधली आणि अंगणाच्या भिंतीवर ठेवली. तिच्या बोटांनी मी शून्यावर अगदी बरोबर बसले. भिंतीच्या दुसऱ्या टोकाला अकरा, आणि वर किंचित. खाली अर्नितीनेच घातलेला आकडा होता, बारा.

अर्नितीने मला उचलून पुन्हा ठेवलं. अकरा. तिचा चेहरा कागदासारखा पांढरा पडला.

"छपाईवाल्याने विचारलं होतं," ती म्हणाली. "बसवून देऊ का, असं विचारलं होतं. आणि मी हो म्हटलं."

"काय बसवून?" रेगेगनी विचारलं.

"सगळंच, ब्ली. अख्खा कागद आक्रसलाय. भिंती, खांब आणि पेकाकांचा हातसुद्धा. त्या छोट्या हातावरून आपण काठी केली."

रेगेगनी करवत खाली ठेवली आणि कापलेल्या खांबापाशी उकिडवे बसले. खऱ्या मापाला तो जवळजवळ वीतभर आखूड पडणार होता. "कापलेलं लाकूड वाढत नाही," ते म्हणाले. "कागद वाकत नाही म्हणून मोठ्या तोंडाने बोललो. वाकत नाही, पण आटतो, हे कुठे ठाऊक होतं!"

अर्निती रडायला लागली. तेव्हा दादोंग उठल्या. "रडतेस काय गं! पाच लाकडं अजून अख्खी आहेत. सहाही कापून झाल्यावर कळलं असतं तर मी रडले असते, आणि माझं रडणं सोपं नसतं. उठ, नीट कागद करून आण."

अर्निती मला पिशवीत घालून तडक ऑफिसला आली. या वेळी तिने आधी पान बदललं. छपाईवाल्याकडे खरोखर जो कागद होता, त्याच मापाचं पान घेतलं. त्यात एकास पन्नासची खिडकी मावेना, तर तिला चेपत बसली नाही. एक पायरी खाली उतरली, एकास पंचाहत्तर केलं आणि कोपऱ्यातही तेच लिहिलं. पेकाकांच्या हाताला वेगळा कागद दिला, तिरपा लावून, पूर्ण लांबीचा. 'कागदात बसव' वरची खूण स्वतः काढून टाकली. आणि दोन्ही कागदांवर एक छोटी आखलेली पट्टी काढली. कागद उद्या कुणी आक्रसलाच तर तीही त्याच्याबरोबर आक्रसेल आणि चोरी उघडी पडेल. हे बघून मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. ती पट्टी म्हणजे माझं लेकरूच की!

छपाईवाल्याच्या दुकानात तिने मला दोन्ही कागदांवर ठेवलं. तिथे रांगेतले लोक बघत होते. बघू देत! एकावर बाराच्या जागी बारा आले. दुसऱ्यावरचा हात पेकाकांचा होता, लांबलचक, माडासारखा.

पुरोहितांनी दुसरा दिवस काढून दिला आणि पाच खांब खऱ्या मापाने कापले गेले. उरला तो आखूड. बालेत प्रत्येक खांबाखाली दगडाची बैठक असतेच. रेगेग बरेच दिवस त्या आखूड खांबाभोवती घुटमळत होते. शेवटी त्यांनी पुरोहितांना विचारलं, शांत करायची पूजा केली आणि त्या एका खांबाखालची बैठक वीतभर उंच घडवून घेतली.

बालेच्या वास्तूला अर्निती मला घेऊन गेली. खास पाकिटात घालून, बरं का. अंगणात सगळं गाव जमलं होतं. जुनी मंत्रलेली काठी वाशांत खोचली गेली. मग पुरोहित म्हणाले, "मालकांनी चढावं."

पेकाक पायऱ्यांपाशी आले. पहिली पायरी, दुसरी पायरी, आणि तुळईखाली येताच ते वाकले. सत्तर वर्षांची सवय! सगळं अंगण बघत होतं. आत जाऊनही ते तसेच वाकलेले, कपाळावर हात धरलेला.

"अहो," खालून दादोंग म्हणाल्या. त्यांचा आवाज त्या दिवशी निराळाच होता. "उभे राहा की. काही लागत नाही."

पेकाक हळूहळू सरळ झाले. पाठ अशी एकदम सरळ होत नाही, ती थोडी थोडी होत गेली. मान उचलली, फेटा वर वर गेला आणि तुळईच्या खाली थांबला. मध्ये दोन बोटांची फट राहिली होती. तो मापाचा जीव. अर्नितीने मला पाकिटातून काढून छातीशी धरलं होतं, म्हणून मला नीट दिसलं. पेकाक तसेच उभे राहिले. बराच वेळ. कुणी त्यांना घाई केली नाही.

मग ते उंच बैठकीच्या खांबापाशी गेले, त्याच्यावर हात ठेवला आणि खाली वळून म्हणाले, "रेगेग, तू उगाच झुरतोस. हा आखूड खांब म्हणजे माझा बाप आहे. आयुष्यभर मी त्याच्यासाठी वाकलो. आज त्याला दगडावर उभं केलं, तेव्हा कुठे दोघं एका उंचीला आलो."

लोक हसले. रेगेग हसता हसता फेट्याच्या टोकाने डोळे पुसू लागले.

आता मी अर्नितीच्या टेबलावर, कॉम्प्युटरच्या शेजारी असते. परवा तुंपेक लांदेप झाला. कॉम्प्युटरसमोर फुलांचा द्रोण आला. अर्निती जायला निघाली, थांबली, परत फिरली आणि त्यातलं एक चाफ्याचं फूल उचलून तिने माझ्यावर ठेवलं. लोखंडाच्या पूजेत लाकडाची मी!

तुम्हाला वाटेल, आता तरी ही निवांत झाली असेल. छे हो! मित्रांनो, माझं मागणं एवढंच आहे. कागद छोटा असला तर असू द्या. नकाशा लहान करायचा तर पायरी बदला, दोन पानांवर काढा, हवं ते करा, पण जे केलं ते कोपऱ्यात लिहा. आणि छापलेला कागद हातात आला की पुढे पाठवण्याआधी एकदा माझ्यासारख्या कुणाला तरी त्याच्यावर आडवं ठेवा. पडदा खरा असला तरी घर कागदावरून बांधतात.

बघा, आत्ताच छपाईवाल्याकडून एक गुंडाळी येऊन पडली आहे. कुणाचं तरी घर आहे त्यात. अर्निती बाहेर कॉफी पितेय, गप्पा मारतेय, आणि मी इथे तळमळतेय. तुमच्यापैकी कुणी जवळपास असेल तर या, आणि आधी मला उचला. कुणीतरी आपल्या घरात ताठ उभं राहायचं म्हणून थांबलंय.